निमगाव केतकीच्या माळावर सायकलवरून

पुणे जिल्ह्यात बारामतीहून इंदापूरकडे निघालो की वाटेत निमगाव केतकी लागते. गाव मोठे आणि बाजारपेठेचे. नागवेलीच्या पानमळ्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. आषाढात देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना येथे मुक्काम करते. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात नीरा नदीच्या डाव्या कालव्याचे काम निघाले. १८८५ च्या सुमारास तो पुरा झाला आणि या पट्ट्यात पुढे ऊस उभा राहिला. रस्त्याने जाणाऱ्याला हा ऊसच दिसतो आणि सारा तालुका असाच हिरवा असेल असे वाटते.

परंतु कालव्याचे पाणी जेथे पोहोचत नाही तेथे दुसराच मुलूख सुरू होतो. सह्याद्रीने पावसाचे ढग अडवल्यामुळे इकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. मुरमाड जमीन, उघडे माळ, मधूनमधून बाभळी, हिवर, बोरी आणि तरवड. पावसाळा सरला की गुडघ्याएवढे पिवळे गवत. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचा माळ असा आहे. वनखात्याच्या ताब्यातील हा गवताळ प्रदेश चिंकारा आणि लांडगा यांच्यासाठी ओळखला जातो. शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य जाहीर झाले, तेही चिंकाऱ्यासाठीच. त्याचे क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर आहे. भिगवणचे रोहित पक्षी पाहायला मुंबई-पुण्याहून मोटारी येतात. तेवढ्या मोटारी या माळाकडे वळत नाहीत. एका अर्थाने ते बरेच आहे, कारण हा माळ सायकलवरूनच पाहावा असा आहे.

पायाखालची जुनी वाट

यंदा १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देऊन आम्ही निमगाव केतकीला आक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी मुक्कामाला आलो. रविवारी सकाळी कडबनवाडीच्या माळावर सायकली घेऊन जायचे ठरले. ठरवले मुलांनी, आणि आम्ही मोठ्यांनी नेहमीची कारणे पुढे केली. थंडी आहे, काटे आहेत, तेथे बघायला काय आहे, आणि शेवटचे कारण म्हणजे असली चैन आपल्याला कशाला.

आक्काचे सासरे तात्या ओट्यावर उन्हाला बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या वडिलांकडे येसकरकी होती. तात्या म्हणाले, "आमचा बाप ह्या माळानं इंदापूरला टपाल घिऊन पळायचा. पायात काय न्हाई. सायबाचं घोडं आलं तर म्होरं पळायचा, घोड्याला गवात बी त्योच कापायचा. तुमी मजा म्हून चाललाय न्हवं? मंग जावा की!"

तात्यांचे बोलणे मला दिवसभर पुरले. महार वतन म्हणजे काय होते, हे आपल्या तरुण मुलांनी पुस्तकात वाचले असेल. सरकारी टपाल आणि वसुलीची रक्कम तालुक्याला पोहोचवायची, गावात कोणी मेले तर परगावी सांगावा न्यायचा, शिवेची राखण करायची, साहेबासाठी लाकूडफाटा आणि गवत आणायचे, मेलेली जनावरे ओढायची. या सगळ्याबद्दल तुटपुंजी जमीन आणि दारोदार मागितलेली भाकरी. रात्री-अपरात्री हाक आली की निघावे लागे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ही वतने रद्द करणारा कायदा त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५८ साली झाला.

म्हणजे आपल्या आजे-पणजांनी हे माळ खूप तुडवले. प्रत्येक ओढा, प्रत्येक पाणवठा त्यांना ठाऊक होता. फक्त स्वतःच्या मर्जीने ते या वाटेवर कधी निघाले नव्हते.

प्रवास ही आपल्या समाजासाठी साधी गोष्ट नव्हतीच. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर मुले महारांची आहेत हे कळले आणि एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे द्यायचे, बैल मुलांनी हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, असे ठरले. रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. पुढे बाबासाहेब विलायतेहून विद्वान होऊन आले, तरी १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्याने त्यांना नेण्याचे नाकारले. वस्तीतल्या एका माणसाने, ज्याला टांगा हाकता येत नव्हता, लगाम हाती घेतला. टांगा पुलावर उलटला आणि बाबासाहेबांच्या पायाला जबर दुखापत झाली. हे दोन्ही प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहेत.

सायकलकडे मी या दृष्टीने पाहतो. तिला गाडीवान लागत नाही. बैल लागत नाही, पेट्रोल लागत नाही, आणि कोणाला विचारावे लागत नाही. आपल्या कितीतरी घरांत आलेले पहिले वाहन सायकलच होते. गिरणीत, कारखान्यात, रेल्वेच्या कामावर आणि रात्रशाळेत आपली माणसे सायकलवरूनच गेली. पण तीही कामाचीच सायकल. नुसते हिंडायला म्हणून ती घराबाहेर काढावी, हे आपल्या घरांत फारसे घडले नाही.

माळावरची सकाळ

हमरस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची वर्दळ असते. म्हणून निमगावहून कडबनवाडीपर्यंत सायकली ओळखीच्या टेम्पोत घातल्या. आम्ही सात जण होतो. सायकली पाच, आणि त्या पाच तऱ्हेच्या. भाच्याची जाड टायरची, गिअरची, कोणाकडून तरी सेकंडहँड घेतलेली सायकल. भाचीची शाळेची लेडीज सायकल. भाऊजींची दुधाच्या किटल्या वाहून टणक झालेली काळी सायकल. शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या दोन. डोंगरातली सायकलस्वारी म्हटले की उंच उड्या आणि हेल्मेट घातलेले तरुण डोळ्यांसमोर येतात. येथे तसले काही नाही. माळ जवळजवळ सपाट आहे, चढ असलाच तर बैलगाडीच्या चढासारखा. हमरस्त्यावर चालवणारा कोणीही ही वाट पुरी करील.

वनकर्मचारी भेटले. त्यांना विचारले, वाट समजून घेतली. त्यांचे सांगणे एकच होते, मळलेली गाडीवाट सोडून गवतात सायकल घालायची नाही. त्याचे कारणही त्यांनी सांगितले. टिटवी, चंडोल, धाविक हे पक्षी झाडावर घरटे करीत नाहीत. त्यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात आणि खड्यांच्या रंगात इतकी मिसळलेली असतात की चाक वरून गेले तरी चालवणाऱ्याला कळत नाही.

जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटरची वाट. पहाटेचे दव गवतावर होते, त्यामुळे धूळ नव्हती. मुरमावर टायरचा करकर असा आवाज येतो, तो सोडला तर सारे शांत. एका जागी वाट कोरड्या ओढ्यात उतरते. तेथे वाळू आहे. वाळूत पुढचा ब्रेक दाबला की सायकल आडवी होते. हँडल सरळ धरायचे, वेग थोडा ठेवायचा आणि पायडल मारत राहायचे. भाच्याने गिअर हलका करून ओढा पार केला. भाऊजी उतरले आणि सायकल हाताने नेली. दोघेही पलीकडे एकाच वेळी पोहोचले. मुलांना यावर फार हसू आले.

आक्का सुरुवातीला भाचीच्या मागे कॅरिअरवर बसली होती. शाळेत असताना ती सायकल चालवायची. लग्नानंतर पंचवीस वर्षे तिने हँडलला हात लावला नव्हता. गावात सुनेने सायकलवर बसायचे म्हणजे चार लोक बघणार. ओढ्याच्या पुढे ती म्हणाली, "आण गं इकडं. हितं कोण बघायला न्हाई." पहिले पन्नास पावले सायकल सापासारखी गेली. मग सरळ झाली. एका वळणानंतर ती आम्हाला दिसेनाशी झाली, आणि गाठली तेव्हा एका हिवराखाली सायकल टेकवून बोरे वेचत होती. पदरात बोरे, कपाळावर घाम. आईला अशी धाकट्या पोरीसारखी पाहून भाची गप्पच झाली.

चिंकारे दिसले ते त्याच्या पुढे. तीन होते. एक नर आणि दोन माद्या असाव्यात. चिंकारा शेळीपेक्षा फार मोठा नसतो. वजन वीस किलोच्या आसपास, रंग वाळलेल्या गवताचा, आखूड काळी शेपूट सारखी हालत असलेली. नराच्या शिंगांवर वळी असतात. आपण त्याला हरिण म्हणतो, पण तो कुरंग गटातला. हरणाची शिंगे दरवर्षी गळून नवी येतात, याची गळत नाहीत. पाण्यावाचून तो बराच काळ राहू शकतो. पाल्यातला ओलावा आणि दव यांवर त्याचे भागते. म्हणूनच या कोरड्या माळावर तो टिकला. धोका वाटला की पाय आपटतो आणि शिंकल्यासारखा आवाज काढतो. आम्ही सायकली थांबवल्या, घंटी वाजवली नाही. त्यांनी आमच्याकडे पाहिले, आम्ही त्यांच्याकडे. मग ते चरत चरत दूर गेले, पळाले नाहीत. मोटार असती तर इतक्या जवळून दिसले असते की नाही, कोण जाणे.

माझ्या आठ वर्षांच्या मुलाने विचारले, "विहारात चाकाच्या दोन बाजूंना बसलेली हरणं आहेत, ती हीच का?" प्रश्न चांगला होता. तथागतांनी पहिले प्रवचन सारनाथच्या मृगदावात, म्हणजे हरणे निर्भयपणे राहत त्या वनात दिले. म्हणून धम्मचक्राच्या दोन्ही बाजूंना मृग कोरतात. जातकात न्यग्रोधमृगाची कथा आहे. वधासाठी पाळी आलेल्या गाभण हरिणीच्या जागी कळपाचा राजा स्वतः उभा राहतो, आणि त्यामुळे मनुष्यांचा राजा सर्व प्राण्यांना अभय देतो. सम्राट अशोकाने तर कोणते प्राणी मारू नयेत याची यादीच पाचव्या स्तंभलेखात कोरून ठेवली. प्राणिमात्रांवर दया ही आपल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक आहे. हे सारे मुलाला तेथे उभे राहून सांगता आले. विहारात सांगितले असते तर त्याने जांभई दिली असती.

लांडगा दिसला नाही. तो सहसा पहाटे आणि संध्याकाळी हिंडतो. मातीत त्याच्या पंजाचे ठसे मात्र असावेत असे भाऊजी म्हणाले. देशात हा लांडगा तीन हजारांच्या आसपास उरला आहे, म्हणजे वाघाहून जास्त नाही. माणसाच्या बंदुकीपेक्षा आता मोकाट कुत्र्यांचे भय त्याला अधिक आहे. त्यांच्यापासून रोग येतात आणि संकरही होतो. आकाशात एक भोवत्या गवताला चाटून जात असल्यासारखा उडत होता. हा शिकारी पक्षी हिवाळ्यात मध्य आशियातून येतो आणि आपल्या माळावरचे नाकतोडे खातो. इतक्या दुरून येणाऱ्याला आपला माळ ठाऊक आहे आणि तालुक्यातल्या शाळेतील मुलांना नाही.

परतताना भाच्याचे मागचे चाक बसले. वाटेवर सराटे होते. सराट्याचा काटा नवा टायर, जुना टायर बघत नाही. भाऊजींनी बाभळीच्या सावलीत ट्यूब बाहेर काढली, ओढ्यातल्या डबक्यात बुडवून बुडबुडे पाहिले, घासून सोल्यूशन लावले आणि दहा मिनिटांत चाक उभे केले. गिअर कसे चालतात हे भाच्याला ठाऊक होते, पंक्चर काढणे ठाऊक नव्हते. त्या दहा मिनिटांत तो शिकला. नंतर भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि उकडलेली अंडी. कागदाचा कपटाही मागे ठेवला नाही.

माळ पडीक नाही

सरकारी कागदावर अशा जमिनीला इंग्रजांच्या काळापासून पडीक म्हणण्याची रीत पडली. ज्यातून सारा येत नाही ते पडीक, असा हिशेब. त्या हिशेबात धनगराच्या मेंढ्या बसत नाहीत, जळणाला काट्या वेचणारी बाई बसत नाही, चिंकारा तर नाहीच. एकदा पडीक म्हटले की ती जमीन कोणालाही द्यायला सोपी जाते. गवत उपटून त्यात खड्डे खणून झाडे लावली तरी त्याला सुधारणा म्हणतात. खरे तर गवताळ माळाला झाडांचे जंगल करणे म्हणजे त्याला बरे करणे नव्हे. माळढोक पक्षी एके काळी अशा माळांवर हिंडत असे. त्याच्यासाठी सोलापूरकडे नान्नजला १९७९ साली अभयारण्य झाले, तरी आज तो महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. गायरानावर घाम गाळून पोट भरणाऱ्या भूमिहीन कुटुंबाचा प्रश्न आजही सुटलेला नाही. तो हरणाच्या नावाने दडपला जाऊ नये. पण हरीण आणि भूमिहीन यांना एकमेकांविरुद्ध उभे करणाऱ्यांपासूनही आपण सावध राहिले पाहिजे. दोघांनाही हुसकून लावताना कारण एकच दिले जाते, की या जमिनीवर तुमचा दाखला नाही. माळ राहिला, तर तो सर्वांचा म्हणून राहिला पाहिजे, आणि सर्वांमध्ये आपण आहोत. वनखात्याने २०२४ साली कडबनवाडीला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. गावच्या मुलांना वाटाडे म्हणून त्यातून काम मिळते. ही कामे आपल्या वस्तीतील मुला-मुलींनीही मागावीत, पक्ष्यांची नावे शिकून घ्यावीत. ज्यांचे पणजे डोळे झाकून या वाटा चालत, त्यांना हे काम जड नाही.

चैन नव्हे, हक्क

आता त्या शेवटच्या कारणाकडे येतो. असली चैन आपल्याला कशाला? नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची चळवळ केली तेव्हा १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामगाराला भरपगारी सुट्टी आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा देणारे कायदे त्यांच्या कारकिर्दीत पुढे आले. कामगाराला कामापलीकडे आयुष्य आहे, हे त्यामागचे तत्त्व होते. मग त्या रविवारचे आपण काय करतो? पुरुष झोपतो किंवा पत्त्यांना बसतो, मुले मोबाइलमध्ये डोके घालतात, आणि बाईला तर रविवारी दुप्पट काम. कमावून दिलेली सुट्टी आपण वापरलीच नाही, तर ती दिली कशासाठी?

या सहलीला आम्हा सात जणांना टेम्पोचे भाडे आणि पंक्चरचे सोल्यूशन एवढाच खर्च आला. भाकऱ्या तर घरी केल्याच असत्या.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात माळ तापतो आणि वणव्याचे भय असते, पावसाळ्यात चिखल चाकाला धरतो. सूर्योदयाला माळावर असावे, नऊ-दहापर्यंत परतावे. वनखात्याची परवानगी आधी घ्यावी आणि त्यांनी दाखवलेल्या वाटेवरच राहावे. संरक्षित भागात शुल्क असल्यास ते भरावे आणि पावती घ्यावी. माणशी दोन लिटर पाणी, कारण वाटेत पाणी नाही. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा किंचित कमी ठेवावी, म्हणजे मुरमावर पकड राहते. पंप, जादा ट्यूब आणि पंक्चरचे सामान गटात एक तरी असावे. कुसळीचे कुसळ मोज्यातून आत घुसते, म्हणून पायात बूट आणि लांब पँट. बिडी-सिगारेट, टेपरेकॉर्डर आणि कुत्रा घरी ठेवावा. चिंकाऱ्याच्या मागे फोटोसाठी सायकल पळवू नये.

बारामती, इंदापूर, दौंड या तालुक्यांतील विहारांनी हिवाळ्यात एखाद्या रविवारी वंदनेनंतर मुलांना असे बाहेर न्यावे. सायकल नसेल त्याला दुसऱ्याने आळीपाळीने द्यावी. मुलींना पुढे घालावे, आणि आयांनाही घरी बसवू नये. आक्काने तिच्या गल्लीतल्या तिघींना आताच सांगून ठेवले आहे. पुढची फेरी सुप्याच्या अभयारण्याची आहे, आणि तात्यांना टेम्पोत पुढे बसवून न्यायचे ठरले आहे. जय भीम.